सहलीची पिशवी आणि अर्ध्यावर राहिलेलं विणकाम

निळीलोकर
रविवार, रात्री ११:२०

आज कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आणि तिथेच जमिनीवर तासभर बसून राहिले. अकरा पिशव्या निघाल्या, आणि अकराही पिशव्यांत अर्धवट काम. दोन क्रोशाची, तीन भरतकामाची, एक गोधडी (चौकोन कापून झालेत, जोडायचे राहिलेत) आणि बाकी सगळी लोकर.

अगदी खाली एक निळा स्वेटर होता. थोरल्याच्या वेळी सातवा महिना चालू असताना टाके घातले होते, एक वर्षाच्या मापाचे. पाठ झालीये, पुढचा भाग झालाय, बाह्या नाहीत. थोरला आता आठ वर्षांचा आहे. धाकटी पाचची झाली, म्हणजे तिचंही माप टळून गेलं.

प्रत्येक पिशवीत कामाबरोबर आणखी काहीतरी सापडलं. एकीत वाळू. एकीत संग्रहालयाची तिकिटं. एकीत वाळलेलं पान, त्यावर धाकटीने पेनाने डोळे काढलेत. एकीत तिची केसांची पिन, जी आम्ही महिनाभर घरभर शोधत होतो. म्हणजे ही सगळी कामं माझ्याबरोबर कुठे ना कुठे फिरून आलेली आहेत. दर वेळी वाटायचं, घरी नाही तर निदान तिथे तरी निवांत बसता येईल. मुलं खेळतील, मी झाडाखाली चार ओळी विणेन. चार ओळी व्हायच्याही. मग कुणाचा तरी बूट ओला व्हायचा, कुणाला शू लागायची, कुणीतरी हरवल्यासारखं वाटायचं, आणि सुया पिशवीत जायच्या.

नवऱ्याने आज शेजारी बसून शांतपणे विचारलं, "तू दर वेळी नेतेस, वीस मिनिटांत परत पिशवीत ठेवतेस. मग नेतेस कशासाठी?" टोमणा नव्हता, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून इथे विचारतेय. तुम्ही सहलीला हातकाम नेता का? होतं का काही? आणि या अकरा पिशव्यांचं मी काय करू? पूर्ण करू, उसवू, की कुणाला देऊन टाकू?

---

साखळीटाका
रविवार, रात्री ११:४१

माझ्या सात आहेत. एकटी नाहीस ग.

बाहेर न्यायचं काम आणि घरी करायचं काम मी वेगळं ठेवते. बाहेर फक्त क्रोशा. कारण साधं आहे: दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर जिवंत असतात. सुई निसटली की साठच्या साठ टाके मोकळे. क्रोशात एकच फास उघडा असतो. मूल हाक मारतं तेव्हा त्या फासात एक सेफ्टी पिन अडकवायची आणि धावायचं, काही उसवत नाही.

शिवाय छोटे चौकोन घ्यायचे. मधे चार-सहा साखळ्यांची गोल कडी, मग खांबांचे (क्रोशातला उंच टाका) तीन-चार फेरे, झाला चौकोन. हात बसला की पंधरा-वीस मिनिटांत एक होतो. म्हणजे तुझा नवरा म्हणतो ती वीस मिनिटं पुरतात!

एकच सांगते, चौकोन साठवू नकोस. मी चौसष्ट साठवले आणि जोडायचं काम दोन वर्षं पडून राहिलं. आता शेवटचा फेरा घालतानाच शेजारच्या चौकोनाला मुक्या खांबाने, म्हणजे आखूड टाक्याने, जोडत जाते.

---

डोंगरवाट
रविवार, रात्री ११:५८

गाडीत विणता कसं तुम्ही सगळ्या? मला दोन वळणांत मळमळतं.

---

साखळीटाका
सोमवार, सकाळी ७:१०

डोंगरवाट, डोळे हातातल्या स्थिर वस्तूवर असतात आणि आतल्या कानाला मात्र शरीर हलल्याचं कळतं. दोघांचं म्हणणं जुळत नाही, म्हणून मळमळतं. वाचतानाही तेच होतं. साधी सुलट वीण बोटांना न बघता करता आली की नजर खिडकीबाहेर ठेवता येते आणि त्रास बराच कमी होतो. पण वळणावळणाच्या रस्त्याला मीही पिशवी उघडत नाही.

---

मॅटीवरची_फुली
सोमवार, सकाळी ९:३२

माझा अनुभव उलट आहे. भरतकामासाठी सहल हीच मला सगळ्यात चांगली जागा वाटते, कारण उजेड. रात्री दिव्याखाली जो दोरा मला गडद निळा वाटला होता, तो दिवसा सरळ हिरव्याकडे झुकलेला निघाला. वेगळ्या प्रकाशात दोन रंग जुळल्यासारखे किंवा न जुळल्यासारखे दिसतात, हे मी एक अख्खं पान उसवल्यावर शिकले. तेव्हापासून रंग निवडायचं काम बाहेर, सावलीत बसून.

निघायच्या आदल्या रात्री तयारी करून ठेवते. दोरा सहा पदरी असतो, मी दोन पदरांनी भरते. तर लडीतून हातभर लांबीचे, म्हणजे ४५ सेंमीच्या आसपासचे तुकडे कापायचे, एकेक पदर वेगळा ओढून काढायचा (दोन एकदम ओढले की हमखास गुंता), आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात रंगवार अडकवून ठेवायचे. मग बाहेर फक्त सुई ओवायची आणि सुरू.

आणि निळीलोकर, तुझ्या भरतकामाच्या तीन पिशव्यांत कापड रिंगमध्येच अडकवलेलं असेल तर आत्ता, हा प्रतिसाद वाचून होण्याआधी उठ आणि काढ. महिनोन्महिने तसंच राहिलं की रिंगच्या कडेला मळ आणि घडी धरून बसते, ती नंतर धुऊनही पूर्ण जात नाही.

---

निळीलोकर
सोमवार, सकाळी ९:५०

उठले. काढल्या. दोन वाचल्या, तिसऱ्यावर पिवळी कडी उमटलीये.

---

खिडकीजवळचा
सोमवार, दुपारी १:१५

मी विणत नाही, पण विणणाऱ्या आईचा मुलगा आहे. वेगळं मत मांडतो, राग नसावा.

माझी आई कायम हातात काहीतरी घेऊन असायची. समुद्रावर, बागेत, प्राणिसंग्रहालयात, सगळीकडे. मी लाटेवरून उडी मारायचो आणि वळून बघायचो. मला तिच्या डोक्याचा भांग दिसायचा. चेहरा दिसायचा नाही. "बघितलंस?" विचारलं की "हो, बघितलं" म्हणायची, पण टाके मोजतच.

तिने विणलेले स्वेटर मी घातले, अजून एक जपून ठेवलाय. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मला विचाराल तर सहलीच्या दिवशी पिशवी घरी ठेवा. एखादी टोपी कमी विणली गेली तर मुलाला कळत नाही. आई बघत नव्हती हे कळतं.

---

साखळीटाका
सोमवार, दुपारी १:४०

हे वाचून पोटात कालवलं.

---

डोंगरवाट
सोमवार, दुपारी २:०५

खिडकीजवळचा, तुमचं दुःख खरं आहे, पण आमच्याकडे याच्या नेमकं उलट होतं. आई विणायला बसली की ती *एका जागी* बसायची. एरवी ती सतत उठबस करत असायची, पाणी दे, कपडे बदल, सामान आवर. सुया हातात आल्या की मला माहीत असायचं, आता पुढचा अर्धा तास ती हलणार नाही. मी जाऊन तिच्या मांडीला टेकायचो. लोकर माझ्या कानावरून सरकायची. सहलीतल्या बाकी गोष्टी पुसट झाल्यात, ती सरसर अजून कानात आहे.

---

आजीचं_कपाट
सोमवार, संध्याकाळी ६:३०

मी सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते. मी विणणाऱ्या आईची मुलगी आणि विणणारी आईही.

खिडकीजवळचा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या मुलाला आज फोन करून विचारलं, तुला माझा चेहरा आठवतो का सहलीतला? तो हसला, म्हणाला, "आठवतो, तू सारखी उन्हाकडे हात धरून आम्हाला शोधत असायचीस." बरं वाटलं. पण विचारावंसं वाटलं ते तुमच्यामुळे.

आता अर्धवट कामाबद्दल. माझी आई गेली तेव्हा तिच्या पेटीत एक टेबलक्लॉथ सापडला. चार कोपऱ्यांना फुलं आखलेली. तीन कोपरे भरलेले, चौथ्यात एक देठ आणि अडीच पाकळ्या. सुई तिथेच टोचलेली होती. सुईवरचा चकचकीत मुलामा केव्हाच उडाला होता, आतलं पोलाद गंजलं आणि कापडावर तांबूस ठिपका पडला. गंजाचा डाग साध्या साबणाने निघत नाही. लिंबाच्या रसासारखं आंबट काही लावलं तर फिका पडतो, पण त्या रंगीत दोऱ्यांवर तो प्रयोग करायची माझी हिंमत झाली नाही. डाग तसाच ठेवला.

सतरा वर्षं ते कापड मी नुसतं उलगडायचे आणि परत घडी घालायचे. मग एकदा नातवंडांबरोबर तळ्याकाठी गेलो होतो, तेव्हा घेऊन गेले. कुणाला सांगितलं नाही. तिथे बसून चौथ्या कोपऱ्यातली तिसरी पाकळी पूर्ण केली. त्या दिवशी एवढंच. उरलेला कोपरा पुढच्या दीड वर्षात झाला, बराचसा असाच, कुठे कुठे गेलो तेव्हा.

सुलट बाजूने बघितलं तर कुणाला काही कळत नाही. उलटी बाजू वर केली की दिसतं. तिचा दोरा ताणून घेतलेला, मागे एकही गाठ नाही. माझा हात सैल आहे, आणि मी एका फुलातून दुसऱ्यात दोरा मागून ओढून नेते, तिने तसं कधीच केलं नसतं. ती जिथे थांबली आणि मी जिथे सुरू केलं ती जागा बोटाने दाखवता येते. मी तो टेबलक्लॉथ कधी अंथरते तेव्हा आधी एकदा उलटा करून बघते.

निळीलोकर, म्हणून मी 'देऊन टाक' म्हणणार नाही. निदान सगळ्या अकरा पिशव्या नाही. आणि सुया मात्र आजच काढून ठेव, सगळ्यांतून.

---

मॅटीवरची_फुली
सोमवार, संध्याकाळी ६:४४

आजी, नमस्कार करते तुम्हाला.

---

दोन_मुलांचा_बाबा
सोमवार, रात्री ९:२०

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणीच विचारली नाही, ती मी विचारतो. सहलीची बाकीची पिशवी कोण भरतं?

आमच्याकडे बायको भरायची. जादा कपडे, औषध, टोपी, पुसायला फडकं, पाणी, धाकट्याचं आवडतं खेळणं. कुठे स्वच्छतागृह आहे हे तिला माहीत. कुणी किती वाजता जेवलं, तिला माहीत. मी गाडी चालवायचो आणि फोटो काढायचो, आणि मनापासून समजायचो की आज दोघांनाही सुट्टी आहे. तिचं भरतकाम वर्षानुवर्षं तसंच राहिलं तेव्हा मला वाटलं, तिला आता त्यात रस उरला नाही.

गेल्या वर्षी ती आजारी होती म्हणून मुलांना घेऊन मी एकटा गेलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा लक्षात आलं, दिवसभरात सलग दहा मिनिटं मी एका जागी टेकलो नव्हतो. भरतकाम तर सोडाच, आकाशाकडेही बघितलं नव्हतं.

आता आमच्यात ठरलंय. एका सहलीला पिशवी मी भरतो आणि मुलांची हाक मी घेतो, पुढच्या सहलीला ती. माझ्या पाळीच्या दिवशी मुलं "आई" म्हणून धावत आली तरी उठायचं मी. सुरुवातीला मुलांना जड गेलं, तिलाही गेलं, ती अर्धी उठायचीच. तीन-चार वेळा झाल्यावर बसलं. तिची एक उशी पूर्ण झालीये.

तर निळीलोकर, तुमची वीस मिनिटं का तुटतात ते पिशवीत शोधू नका. आणि खिडकीजवळचा, तुमच्या आईने दिवसभरात वर बघितलं नाही असं नसेल. कदाचित तेवढीच वीस मिनिटं तिची होती आणि नेमकी तीच तुमच्या लक्षात राहिली.

---

खिडकीजवळचा
सोमवार, रात्री १०:०२

शक्य आहे. मी असा विचार केला नव्हता. आमच्याकडे पिशवी कोण भरायचं हे आठवायची गरज नाही, उत्तर माहीत आहे.

---

प्रश्नांकित
मंगळवार, सकाळी ८:१५

मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर. ती अर्धी कामं डोक्यातून जात का नाहीत, यावर जुनं संशोधन आहे. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना कोडी, मातीच्या आकृत्या अशी छोटी छोटी कामं दिली आणि निम्मी मधेच थांबवली. नंतर विचारलं तर थांबवलेली कामं जास्त आठवली. पुढे अनेकांनी प्रयोग परत केले तेव्हा आठवणीबद्दलचा हा निष्कर्ष काही ठिकाणी टिकला, बऱ्याच ठिकाणी टिकला नाही.

मला त्याच गटातल्या मारिया ओव्सियांकिना यांचं १९२८चं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी काम थांबवलं आणि नंतर लोकांना मोकळं सोडलं. बहुतेकांनी कुणी न सांगता, कसलं बक्षीस नसताना, ते काम परत हातात घेतलं. ही ओढ नंतरच्या प्रयोगांतही बऱ्यापैकी टिकून राहिली.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलं की अपुऱ्या कामाचा त्रास थांबायला काम पूर्ण व्हावंच लागतं असं नाही. कधी, कुठे, कसं करणार याची नेमकी योजना केली तरी मनातली टोचणी बरीच कमी होते. 'कधीतरी करू' याने काही होत नाही. 'पुढच्या सहलीला, गाडीतून उतरल्यावर, दुसऱ्या बाहीचे टाके घालणार' याने होतं.

म्हणून अकराही पिशव्या उघड्या ठेवू नका. प्रत्येकीवर चिठ्ठी लावा: पुढची एकच कृती कोणती. जिच्यावर लिहायला काही सुचत नाही, ती पिशवी तुमची राहिलेली नाही.

---

उसवण
मंगळवार, सकाळी ११:२६

मी माझ्या नावाला जागते. स्वेटर उसव.

हिशेब बघ. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षात १० ते १२. त्या वेगापुढे स्वेटर रखडला की हरलाच. चार-पाच वर्षांनंतर मात्र वाढ वर्षाला ५-६ सेंमीवर येते, म्हणजे आत्ता विणलेलं निदान दोन हिवाळे अंगाला येईल. तुझ्यासारख्या तुटक वेळ मिळणाऱ्या आईने बाळाचे कपडे विणायचा हट्ट सोडून मोठ्या मुलांचं विणावं.

लोकर चांगली असेल तर वाया जात नाही. उसवताना गुंडा करू नकोस, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड कर. चार ठिकाणी सैल बांध. कोमट पाण्यात अर्धा तास बुडव, चोळू नकोस (चोळलं की लोकर थापटल्यासारखी घट्ट होते), पंच्यात दाबून पाणी काढ आणि टांग. नागमोडी झालेला धागा सरळ होतो. हे खऱ्या लोकरीचं. अ‍ॅक्रिलिक पाण्याने तेवढं सरळ होत नाही.

---

आजीचं_कपाट
मंगळवार, दुपारी १२:०५

उसवण, मुद्दा पटतो पण घाई करू नका. पोटात बाळ असताना घातलेले टाके आहेत ते. मोजून मापून निर्णय घेण्यासारखी ती वस्तू नाही. बाह्या नकोत, बिनबाह्यांचा करून ठेवून दे.

---

उसवण
मंगळवार, दुपारी १२:३०

आजी, तुमचा मान राखून सांगते. ठेवून दिला तर कसर खाईल. माझ्या आईने जपून ठेवलेलं माझं पहिलं झबलं-टोपडं असंच गेलं, उघडलं तर जाळी. आठवण म्हणून ठेवलं होतं, आणि बघायलाही उरलं नाही. त्यापेक्षा ती लोकर मुलाच्या अंगावर असलेली मला आवडेल.

---

मॅटीवरची_फुली
मंगळवार, दुपारी १:१०

ठेवायचंच तर नीट ठेवता येतं. कसरीची अळी लोकर, रेशीम, केस, पिसं खाते, सुती कापड तिला पचत नाही. घामाचा, खाण्याचा डाग असलेल्या लोकरीवर आधी जाते. म्हणून धुऊन, पूर्ण वाळवून ठेवायचं. शंका असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आतलं कापड खोलीच्या तापमानाला आलं की मग, नाहीतर दव धरतं.

अवांतर: निळीलोकर, बाह्यांसाठी तीच लोकर आता मिळणार आहे का? आठ वर्षांपूर्वीच्या लॉटचा (एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा) रंग कंपनी तीच असली तरी जुळत नाही.

---

निळीलोकर
मंगळवार, रात्री ११:३५

नाही, मिळणार नाही. लेबल जपून ठेवलं होतं, लॉट नंबरसकट, पण तो नंबर आता कुठे असणार. मधे एकदा त्याच रंगाची लोकर आणली होती. शेजारी धरली आणि परत ठेवली. एक निळा आकाशाकडे जातो, दुसरा शाईकडे.

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवले. बाबांचा प्रतिसाद वाचल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

आणि मला त्याच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. मी पिशवी विणायला नेतच नव्हते. ती खांद्याला असली की वाटायचं, आज जे चाललंय त्यात मीही कुठेतरी आहे. बाकी सगळ्या सामानातली एक वस्तू माझी आहे. म्हणून चार ओळी झाल्या तरी पुढच्या वेळी परत न्यायचे.

खिडकीजवळचा, तुमच्याबद्दलही विचार केला. थोरल्याला विचारलं, मी विणताना तुला कसं वाटतं. तो म्हणाला, "मला ओढायला देशील का?" म्हणजे गुंड्यातून लोकर. आठ वर्षांत मी एकदाही त्याला हात लावू दिला नव्हता, गुंता होईल म्हणून.

स्वेटरचं अजून ठरत नाहीये. पुढच्या आठवड्यात नदीवर जातोय.

---

साखळीटाका
बुधवार, सकाळी ७:३०

सांग मग कसं झालं ते.

---

डोंगरवाट
तीन आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी ४:००

चर्चेचा धागा वर काढतोय. निळीलोकर, नदीचं काय झालं?

---

निळीलोकर
शनिवार, रात्री १०:१५

लिहायचं राहून गेलं, माफ करा.

नदीवर गेलो. पिशवी नवऱ्याने भरली. मी निघताना दोनदा म्हटलं, "टॉवेल घेतलास?" आणि तिसऱ्यांदा तोंड मिटलं. टॉवेल घेतला होता. मुलीचे जादा मोजे राहिले. ओल्या पायांनी फिरली दिवसभर, आणि खूश होती.

मी स्वेटर नेला होता. बाह्या करायच्या की नाही ते तिथे बसून ठरवू म्हटलं. थोरला आला आणि शेजारी बसला. त्याला सांगितलं, हे तुझ्यासाठी केलं होतं, तू जन्मायच्या आधी. त्याने तो छातीला लावून बघितला. खालची कड त्याच्या बरगड्यांवर येत होती. मग म्हणाला, "आई, मी केवढासा होतो!" आणि धाकटीला हाक मारून तिलाही दाखवला. दोघं हसत होती, मला रडू येत होतं, पण वाईट वाटून नाही.

मग त्यानेच विचारलं, याचा पुन्हा दोरा होतो का. हो म्हटलं. "मी ओढू?"

उसवण, तुम्ही सांगितलं तसं खुर्ची नव्हती, म्हणून नवऱ्याने दोन हात पुढे धरले आणि त्याच्या हातांवर लड झाली. थोरला ओढत होता, मी गुंडाळत होते, धाकटी मधे मधे "किती राहिलं" विचारत होती. पुढचा भाग वीस मिनिटांत संपला. मी तो चार महिन्यांत विणला होता. पाठ मात्र उसवली नाही. आजी, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. धुऊन, वाळवून, फ्रीजरमधून काढून सुती कापडात गुंडाळून ठेवलीये.

त्या वीस मिनिटांत मला कुणी हाक मारली नाही, कारण सगळे तिथेच होते.

बाकीच्या पिशव्यांचं: प्रश्नांकित, चिठ्ठ्या लावल्या. चार पिशव्यांवर लिहायला काहीच सुचलं नाही, त्यातली लोकर आणि कापड नव्याने शिकणाऱ्या दोघींना दिलं. साखळीटाका, क्रोशाची एक पिशवी आता गाडीतच असते, सेफ्टी पिनेसकट. पिवळी कडी पडलेलं भरतकाम कापून त्याची छोटी पिशवी शिवली, डाग शिवणीत गेला. उरलेल्या तशाच आहेत, पण आता मला त्यांची भीती वाटत नाही.

उसवलेली लड धुऊन सरळ झालीये. ५५ ग्रॅम भरली. थोरल्याला टोपी हवीये. किती टाके घालू? सवय मोडलीये आणि हात पूर्वीपेक्षा सैल झालाय असं वाटतं.

---

खिडकीजवळचा
शनिवार, रात्री १०:४०

वाचलं. आईच्या स्वेटरचा फोटो काढून तिच्या नातीला पाठवला आत्ता.

---

उसवण
शनिवार, रात्री १०:५२

नमुना विणल्याशिवाय टाके विचारायचे नाहीत! इतक्या वर्षांच्या खंडानंतर हात नक्की बदललेला असतो. आधी १५ सेंमीचा तुकडा विण, धुऊन वाळव, आणि मधल्या १० सेंमीत किती टाके येतात ते मोज. कडेचे मोजू नकोस. आणि मुलाच्या डोक्याचा घेर घे, कपाळावरून, कानांच्या वरून.

---

निळीलोकर
रविवार, रात्री ९:०५

घेर ५२. नमुन्यात १० सेंमीत २० टाके.

---

उसवण
रविवार, रात्री ९:१२

वीण ताणते, म्हणून घेरापेक्षा ४ सेंमी कमी धर. ४८ सेंमीला ९६ टाके. ९६ला चारने भाग जातो, म्हणजे कडेला दोन सुलट दोन उलट बरोबर बसेल. आठनेही जातो, म्हणजे वर निमुळतं करताना आठ सारखे भाग पडतील, प्रत्येकी बारा टाके. ५५ ग्रॅममध्ये काठोकाठ होईल. कमी पडली तर शेंड्याला दुसरा रंग घे.

---

निळीलोकर
रविवार, रात्री ९:२०

शेंडा शाईच्या निळ्याचा करते, ती न जुळणारी लोकर आहेच. टाके घालायला बसतेय. गुंडा थोरल्याने धरलाय.